वेशीवरचे दरवाजे

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळच्या वेळी कोणत्याही मराठी वस्तीतून चालत गेले, की एक ठसका हमखास ऐकू येतो. कुठल्या तरी घरी चिवड्याची फोडणी पडलेली असते. तेलात हिरव्या मिरच्या गेल्या, की चुलीपुढच्या गृहिणीपासून ओसरीवर वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांपर्यंत सारे घर एका सुरात खोकू लागते. पुढे फराळाची ताटे मांडली जातात आणि धाकटे चिरंजीव चिवड्याचा बकाणा भरून डोळ्यांत पाणी आणतात. "आई, तोंड भाजलं!"

आता चिवडा तर कालचा, डब्यातला, गार. मग तोंड भाजले कसे? आई म्हणते, "भाजलं नाही रे, तिखट लागलं." ह्या वादात शास्त्रज्ञांचा कौल मात्र चिरंजीवांच्या बाजूने पडतो. गोड, आंबट, खारट ह्यांसारखी तिखट ही चव नव्हेच. मिरची खाल्ली, की जिभेतल्या मज्जातंतूंना भाजल्याची वर्दी मिळते, आणि ती वर्दी अगदी खरी असते. विस्तवाच्या धगीने जो दरवाजा उघडतो, तोच मिरचीने उघडलेला असतो.

हा दरवाजा म्हणजे काय, तो कुठे असतो, कोण उघडतो आणि कोण लावतो, ह्याची हकिकत यंदा वाचकांपुढे ठेवायची आहे. ती मिरचीपासून सुरू होते म्हणून तिला फराळाच्या वेळच्या गप्पा समजू नये. परभणी जिल्ह्यात ऐन दिवाळीत कापसाची वेचणी चालू असते. धुऱ्यावर निजवलेल्या एखाद्या लेकराला तिथे लाल विंचू चावला, तर त्याचा जीव राहतो की जातो, हे अशाच इवल्याशा दरवाजांवर ठरते.

गावाला गावकूस, पेशीला आवरण

परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होता. त्या काळच्या मराठवाड्यातले गाव डोळ्यांपुढे आणावे. गावाभोवती गावकूस, गावकुसाला वेस, वेशीला भलाथोरला दरवाजा, आणि त्या दरवाजात एक माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. मुलखाच्या हद्दीवर करोडगिरीचे नाके असत. मालाची झडती झाल्याखेरीज गाडी पुढे सुटत नसे.

आपले शरीर म्हणजे अशा गावांचा एक अफाट मुलूख आहे. तीस लाख कोटींच्या आसपास पेशी, आणि प्रत्येक पेशीभोवती एक गावकूस. हे गावकूस दगडमातीचे नसून तेलकट, स्निग्ध पदार्थाचे, दुहेरी पदराचे असते. त्याची जाडी किती म्हणाल, तर एका मिलीमीटरचे दोन लाख भाग करावेत आणि त्यांतला एक घ्यावा, सुमारे तेवढी.

ह्या तेलकटपणातच सारी मेख आहे. फोडणीच्या तेलात चिमूटभर मीठ टाकून पाहावे. ते विरघळत नाही, तळाशी जाऊन बसते. तेच मीठ पाण्यात टाकले की दिसेनासे होते, कारण पाण्यात त्याचे विजेचा भार असलेले सुटे कण होतात. ह्या भारित कणांना आयन म्हणतात. प्रत्येक आयन आपल्या अंगाभोवती पाण्याच्या रेणूंचा शेला लपेटून हिंडत असतो, आणि पाण्याने भिजलेल्या ह्या पाहुण्याला तेलाच्या भिंतीतून वाट मिळत नाही. त्याला आत शिरायचे असेल तर वेशीतूनच शिरले पाहिजे.

आता गावाच्या आत आणि बाहेर काय असते ते पाहू. बाहेर मिठातला सोडियम आतल्यापेक्षा दहापटीहून अधिक असतो. आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसेक पटींनी अधिक असतो. ही विषमता आपोआप टिकत नाही. आवरणात बसलेला एक रखवालदार रात्रंदिवस तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्याचा शोध डेन्मार्कच्या येन्स स्कौ ह्यांनी १९५७ साली लावला आणि त्याबद्दल त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपण निजलो तरी हा रखवालदार निजत नाही. आपल्या जेवणातल्या ऊर्जेचा बराच मोठा वाटा ह्या एका चाकरीवर खर्च होतो.

एवढा खटाटोप कशासाठी? जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. धरणात पाणी नुसते अडवलेले असते तेव्हा ते शांत दिसते. पण दारे उघडली की त्याच पाण्याच्या रेट्याने चक्र फिरते आणि वीज तयार होते. पेशीनेही असाच साठा अडवून ठेवलेला असतो. आवरणाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत मज्जातंतूमध्ये सुमारे सत्तर मिलीव्होल्टचा फरक असतो. विजेरीच्या मसाल्याचा दाब ह्याच्या वीसपट असतो, म्हणून हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण आवरणाची जाडी ध्यानात घेतली, तर हा ताण सेंटिमीटरमागे सव्वा लाख व्होल्टहून अधिक भरतो! एवढ्या ताणाखाली दरवाजा क्षणभर जरी किलकिला झाला, तरी आयनांचा लोंढा सुटतो. आपले पाहणे, ऐकणे, चालणे, दचकणे, हृदयाचा प्रत्येक ठोका, ही सारी ह्या लोंढ्यांची करामत आहे.

झडती आणि शेला

हे दरवाजे प्रथिनांचे असतात. एकेक प्रथिन म्हणजे आवरणात आरपार बसवलेली, मध्ये पोकळ असलेली चौकट. दरवाजा उघडला की सेकंदाला एक कोटीच्या हिशेबाने आयन त्यातून जाऊ शकतात. आणि पुष्कळदा तो एका सेकंदाच्या हजाराव्या भागात पुन्हा मिटतोही.

एवढ्या घाईतही झडती चुकत नाही, हे त्याहून मोठे नवल. पोटॅशियमच्या दरवाजातून दहा हजार पोटॅशियम जावेत तेव्हा कुठे एखादा सोडियम निसटतो. वास्तविक सोडियम अंगाने लहान आहे. मोठा जातो आणि लहान अडतो, असे हे कसले नाके?

ह्याचा उलगडा अमेरिकेतल्या रॉडरिक मॅकिनन ह्यांनी १९९८ साली दरवाजाचे चित्रच क्ष-किरणांनी टिपून केला. दरवाजाचा घसा इतका अरुंद आहे, की आत शिरण्यापूर्वी आयनाला पाण्याचा शेला उतरवून ठेवावा लागतो. फुकट शेला कोण उतरवील? म्हणून घशाच्या भिंतीत ऑक्सिजनचे अणू अशा बेताने बसवलेले आहेत, की पोटॅशियमला शेल्याइतकीच ऊब तिथे मिळते. सोडियमला मात्र ती जागा सैल होते, बाळाच्या मनगटात आईची बांगडी घालावी तशी. त्याला ऊब लागत नाही, तो शेला उतरवत नाही, आणि दाराशीच राहतो. ह्या कामाबद्दल मॅकिनन ह्यांना २००३ साली नोबेल मिळाले.

असे दरवाजे असलेच पाहिजेत, हा तर्क मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. इंग्लंडमधले हॉजकिन आणि हक्सली ह्यांनी माकुलाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून १९५२ साली तो मांडला. आपल्या कोकणात माकुलाचे कालवण होते. प्लिमथच्या समुद्रकाठी त्याच्या मज्जातंतूने विज्ञानाला वळण दिले. हक्सलींनी त्यासाठी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली. पुढे १९७६ साली जर्मनीत नेहेर आणि साकमान ह्यांनी काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे तोंड बेडकाच्या स्नायूला लावून एकाच दरवाजातून वाहणारा प्रवाह मोजला. तो एका अँपिअरच्या लाख-कोटीव्या भागाच्या दोन-तीन पट भरला. कागदावर त्याची नोंद पाहिली तर सरळ रेघ, एकदम पायरी, पुन्हा सरळ रेघ. दरवाजा लागलेला, उघडला, लागला!

किल्ल्या तीन तऱ्हेच्या

हे दरवाजे उघडतात कशाने? किल्ल्या मुख्यतः तीन तऱ्हेच्या आहेत.

काही दरवाजे धगीने, गारव्याने किंवा दाबाने उघडतात. आपल्या चिरंजीवांच्या जिभेवरचा दरवाजा ह्या जातीचा. सुमारे त्रेचाळीस अंशांच्या वर उष्णता गेली की तो उघडतो, म्हणजे जिथून भाजण्याचा धोका सुरू होतो नेमका तिथे. मिरचीतला तिखट अंश ह्याच दरवाजाला आतून जाऊन चिकटतो आणि साध्या तापमानालाच तो उघडून देतो. हे अमेरिकेतल्या डेव्हिड ज्यूलियस ह्यांनी १९९७ साली दाखवले. त्यांना २०२१ चे नोबेल मिळाले, त्यात स्पर्शाचे दरवाजे शोधणारे पॅटापूटियन हेही भागीदार होते. पेपरमिंटची गोळी जिभेवर गार लागते, त्याचेही कारण हेच. तिने गारव्याचा दरवाजा उघडलेला असतो. आणि पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची कचाकच कसा खातो, हे कोडे ज्यांना लहानपणापासून पडले असेल त्यांनी ऐकावे: पक्ष्यांच्या दरवाजाला मिरचीची किल्ली लागतच नाही. मिरचीच्या झाडाचे बी दूरवर पसरवायला पक्षी हवेत, चावून चुरा करणारी जनावरे नकोत. निसर्गाचा हा हिशेब मोठा चोख आहे.

दुसऱ्या जातीचे दरवाजे विजेच्या ताणाने उघडतात. मज्जातंतूत एक दरवाजा उघडला, की शेजारचा ताण बदलतो आणि तो उघडतो, मग त्याच्या शेजारचा. दिवाळीत लवंगीची माळ जशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तडतडत जाते, तसाच संदेश पायाच्या अंगठ्याकडून मेंदूकडे जातो. फरक एवढाच, की फटाका एकदा उडाला की संपला. दरवाजा मात्र क्षणार्धात मिटून पुढच्या खेपेला तयार होतो. दाढ काढताना दंतवैद्य हिरडीत सुई टोचतात, तेव्हा ते औषध सोडियमच्या ह्याच दरवाजांत बूच बसवते. दुखणे दाढेत असतेच, त्याची वर्दी तेवढी पुढे जात नाही.

तिसऱ्या जातीच्या दरवाजाला खरोखरीची किल्ली लागते, म्हणजे एखाद्या ठराविक रसायनाचा रेणू. दरवाजाच्या बाहेरच्या अंगाला त्या रेणूपुरती खाच असते. रेणू तिथे बसला की चौकट वळते आणि वाट मोकळी होते. अशा दरवाजाला शास्त्रात ग्राही म्हणतात, कारण तो निरोप ग्रहण करतो आणि स्वतःच उघडतोही. पाहारेकरी आणि फाटक एकच! मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे पाच पाकळ्यांचा असा एक ग्राही असतो. ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचे दोन रेणू एकाच वेळी दोन खाचांत बसावे लागतात, तेव्हा तो उघडतो. बँकेच्या तिजोरीला जशा दोघांच्या दोन किल्ल्या लागतात, तसे. आपण हे पान उलटतो, तेव्हा बोटांच्या स्नायूंत असे लक्षावधी दरवाजे उघडून मिटलेले असतात.

आणखीही एक प्रकारचे ग्राही असतात. त्यांना दरवाजाऐवजी घंटा म्हणावे. बाहेर कोणी घंटा ओढली, की आतली माणसे उठून आतल्या आत कामाला लागतात. ही घंटा ध्यानात ठेवावी. विंचवाच्या हकिकतीत ती लागणार आहे.

लाल विंचू आणि उघडा दरवाजा

विंचू मराठवाड्याला नवा नाही. गोदाकाठच्या पैठणच्या नाथांनी विंचवावर भारूड रचले, ते आजही गावोगाव रंगते. पण सगळे विंचू सारखे नसतात. मोठी, काळीकभिन्न इंगळी दिसायला भयंकर. तिच्या डंखाने माणूस कळवळतो, पण सहसा मरत नाही. लाल विंचू मात्र बोटाएवढासा, किडकिडीत, आणि घातकी. महाराष्ट्रातल्या माळरानात, दगडांच्या ढिगात, सरपणात, गोवऱ्यांच्या कलवडात, जुन्या भिंतींच्या भेगांत तो असतो.

त्याच्या विषाने मांस जळत नाही, रक्त नासत नाही. ते दरवाजांशी खेळते. विषातली काही प्रथिने मज्जातंतूच्या सोडियम-दरवाजाला धरतात आणि तो मिटू देत नाहीत. त्याच वेळी दुसरी काही प्रथिने पोटॅशियमच्या दरवाजाला बूच मारतात, आणि संदेश थांबवण्याचे काम तर पोटॅशियमचेच. ह्यांतले एक बूच शास्त्रज्ञांनी १९९० साली वेगळे काढले, त्याचे नाव आयबेरिओटॉक्सिन. केवळ सदतीस दुव्यांची ही साखळी. पण एका विशिष्ट पोटॅशियम-दरवाजाला ती इतकी नेमकी बसते, की आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो दरवाजा ओळखण्यासाठी तीच वापरतात. आपल्याकडच्या लाल विंचवाची ही जगाला देणगी.

आता दरवाजा उघडा राहिला म्हणजे काय होते? लवंगीची माळ थांबतच नाही. मज्जातंतू संदेशांमागून संदेश धाडत राहतात. शरीर जणू वाघ पुढे उभा आहे अशा समजुतीने ॲड्रेनलिन आणि त्याच्या भावंडाचा पूर सोडते. हे रसायन रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरच्या त्या घंटा बडवू लागते. आत कॅल्शियम मोकळे होते, वाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, आणि फुप्फुसांत पाणी भरते. मूल असेल तर विष तेवढेच आणि शरीर एवढेसे, म्हणून धोका अधिक.

ह्या रोगाची नाडी ओळखणारा माणूस परभणीच्या शेजारचाच. आज जालना जिल्ह्यात असलेल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरला वैद्यकी शिकले आणि १९७६ साली कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचू चावलेले रुग्ण येत आणि डोळ्यांदेखत जात. वैद्यकाच्या पुस्तकांत ह्यावर फारसे काही नव्हते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी केल्या. त्या 'लॅन्सेट' ह्या ब्रिटिश नियतकालिकात छापून आल्या. त्यांच्या नोंदींतली एक गोष्ट घराघरात माहीत असायला हवी: डंखाची जागा नुसतीच भयंकर दुखत असेल, तर बहुधा धोका कमी. ज्याला फारसे दुखत नाही, पण दरदरून घाम सुटतो, वांत्या होतात, हातपाय गार पडतात, त्याचा जीव धोक्यात असतो. कळवळणाऱ्यापेक्षा गप्प पडलेल्याची काळजी अधिक करावी.

औषध सापडले ते रक्तदाबाच्या कपाटात. प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी वापरली जात असे. विंचवाने उघडा ठेवलेला दरवाजा ती लावू शकत नाही. पण रक्तवाहिन्यांवरच्या घंटांवर ती हात ठेवते. ॲड्रेनलिनने कितीही ओढले तरी घंटा वाजत नाही. वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो. ह्या उपचाराची हकिकत १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. प्राझोसिनपूर्वीच्या काळात गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसपर्यंत दगावत. नंतर ते प्रमाण एकावर आले, असे बावस्करांनी आपल्या अनुभवातून नोंदवले आहे. पुढे विंचवाच्या विषावरची प्रतिलसही मिळू लागली. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्या दांपत्याने सत्तर रुग्णांवर पाहणी करून, गोळीबरोबर प्रतिलस दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, असे २०११ साली दाखवून दिले. प्रतिलस मोकळे हिंडणारे विष पकडते आणि गोळी त्याचा परिणाम आवरते. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

मांत्रिकाच्या यशाचे रहस्यही इथेच उलगडते. पुष्कळसे डंख साधे असतात; त्यांची कळ काही तासांनी आपोआप ओसरते. तेवढ्यात उतारा झालेला असला, की श्रेय उताऱ्याला जाते. लाल विंचवाच्या डंखात मात्र ते तासच मोलाचे असतात.

मण्यार आणि बंद दरवाजा

विंचू दरवाजा उघडा ठेवतो, तर नाग आणि मण्यार तो बंद ठेवतात. नागाच्या विषातला रेणू स्नायूवरच्या ॲसिटिलकोलीनच्या खाचेत जाऊन बसतो. किल्ली नव्हे, तर कुलपात मोडलेली काडी. खरी किल्ली येते आणि हात हलवीत परत जाते. मण्यार त्याच्याही पुढची. तिचे विष मज्जातंतूच्या टोकातला किल्ल्यांचा साठाच उद्ध्वस्त करते. दोन्ही प्रकारांत स्नायूंना निरोप पोहोचत नाही. आधी पापण्या जड होतात, मग बोलणे बोबडे होते, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीवर असतो, ऐकत असतो, पण हलू शकत नाही.

ह्याही विषाने विज्ञानाचे भले केले. तैवानमधले चँग आणि ली ह्यांनी १९६३ साली तिकडच्या मण्यारीच्या विषातून असा एक रेणू वेगळा काढला. तो ग्राहीला इतका घट्ट चिकटतो, की त्याचा माग काढत शास्त्रज्ञांनी पुढे तो ग्राहीच शरीरातून बाहेर काढून दाखवला. तोवर ग्राही ही केवळ कल्पना होती. सापाच्या विषाने तिला हाती धरता येईल अशी वस्तू केले.

परभणीकडे खरिपाच्या सुगीत माणसे शेतात, आखाड्यावर जमिनीवरच निजतात. मण्यार रात्री हिंडते आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या उघडत नाहीत, आणि घरचे म्हणतात, बाधा झाली. अशा वेळी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चौघांवरची एकच प्रतिलस आणि वेळ पडल्यास यंत्राने दिलेला श्वास, ह्यांवर जीव वाचतो. श्वास चालू ठेवला, तर मज्जातंतू काही दिवसांनी पुन्हा कामाला लागतात.

आता कामाचे चार शब्द

दिवाळीनिमित्त पुष्कळ वाचक आपापल्या गावी जातील. माळे झाडले जातील, अडगळ निघेल, सरपण हलवले जाईल, मुले किल्ला करण्यासाठी दगडमाती गोळा करतील. तेव्हा दगड हाताने न उचलता आधी काठीने उलटावा. चपला-बूट झटकून घालावेत. निजायला बाज घ्यावी आणि मच्छरदाणीची टोके अंथरुणाखाली दाबावीत.

इतके करूनही दंश झालाच, तर जागा कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये. माणसाला धीर द्यावा, हिंडू-फिरू देऊ नये आणि तडक रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. प्राझोसिनची गोळी घरच्या घरी देण्याची नव्हे. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखाली, रुग्णाला आडवे निजवूनच द्यायची असते. नेमका कोणता विंचू, कोणता साप, ह्याच्या शोधात वेळ दवडू नये. घाम, ओकारी, गार पडलेले हातपाय आणि जडावलेल्या पापण्या, ह्या चार खुणा घरातल्या थोरांनीच नव्हे, शाळकरी मुलांनीही पाठ कराव्यात. शेतावर पुष्कळदा लेकराजवळ त्याची थोरली बहीणच तेवढी असते.

विषाची गोष्ट सांगितली की माणसे दैवाकडे बोट दाखवतात. पण विंचवाचे विष म्हणजे कोप नव्हे, एका दरवाजाशी केलेली खटपट आहे, हे एकदा कळले, तेव्हाच त्यावर साधी, स्वस्त गोळी लागू पडली. ही विद्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातून साऱ्या जगात गेली. ती धुऱ्यावरच्या आईपर्यंत पोहोचवणे हे आता आपले, शिकल्यासवरल्यांचे काम आहे. यंदा गावी जाल तेव्हा ओसरीवर फराळाला बसलेल्या मंडळींना एवढे अवश्य सांगा. चिवडा तिखट झाला असेल तर विषय आपोआपच निघेल!